संध्याकाळची गोळी

बाईंना जाऊन दोन वर्षं होत आली. गावात त्यांचं नाव निघालं की लोक त्यांच्या तोंडाळपणाच्या गोष्टी सांगतात आणि हसतात. मीही हसते. पण त्या गेल्यापासून माझ्याशी भांडणारं कोणी उरलं नाही. या वयात भांडायला माणूस नसलं की दिवस सरता सरत नाही, हे त्या हसणाऱ्यांना सांगून कळायचं नाही.

पुणतांब्याच्या अलीकडे, गोदावरीच्या काठाला आमचं गाव. तिथल्या उपकेंद्रात बाई नर्स होत्या आणि मी त्यांच्या हाताखाली मदतनीस. झाडायचं, पाणी भरायचं, बाळंतिणीचे कपडे धुवायचे, लशीचा डबा खांद्याला लावून त्यांच्या मागे वस्त्यांवर हिंडायचं, ही माझी कामं. मला चौथीपर्यंत शाळा होती, म्हणून रजिस्टरात नावंही मीच लिहायची. "तुझं अक्षर डॉक्टरपेक्षा बरं आहे," असं त्या म्हणायच्या. डॉक्टरचं अक्षर मी पाहिलं होतं, त्यामुळे मला त्यात फार कौतुक वाटलं नाही.

बाई मूळच्या नेवाशाच्या, देवळाची पूजा असलेल्या घरातल्या. लग्नानंतर वर्षाच्या आत नवरा गेला. सासरच्यांनी माघारी पाठवलं, बापाने नर्सचं शिकायला घातलं, आणि सरकारने आमच्या गावात आणून टाकलं. उंच, काटकुळ्या, केसांचा सुपारीएवढा अंबाडा. चालायच्या इतक्या भरभर की मी मागून पळायची.

कोणी पाया पडायला वाकलं की बाई आशीर्वाद देत नसत. "उभी राहा आधी," म्हणायच्या, स्वतः खाली वाकायच्या आणि समोरचीची साडी वीतभर वर करून नडगीवर अंगठा दाबायच्या. अंगठा काढल्यावर खळगा राहिला तर अंगात पाणी साठलंय, असा हिशेब. एका लग्नात नवरी मांडवात पाया पडायला आली. बाईंनी सगळ्या वऱ्हाडासमोर तिची नडगी दाबली आणि म्हणाल्या, "सूज नाही. आठ मुलं नकोत, दोन पुरेत." हा आशीर्वाद. सासू पुढे महिनाभर बाईंशी बोलत नव्हती.

लघवीचं तर त्यांना काहीच वाटायचं नाही. कोणाचंही, कुठेही विचारायच्या. एकदा ग्रामसभा चालू होती. बाई मागून उठल्या आणि सरपंचाला म्हणाल्या, "जळजळ थांबली का रे?"

"बाई, सभा चालू हाय."

"म्हणूनच विचारते. घरी तू सापडत नाहीस. पाणी पितोस का?"

"पितो."

"खोटं बोलतोस. ओठ बघ तुझे."

सरपंच तिथेच तांब्या मागवून पाणी प्यायला, तेव्हा त्या बसल्या.

मुलगी बघायचा कार्यक्रम कुठे असला की बाई न बोलावता जायच्या. चहापोहे होऊन याद्यांवर बोलणं आलं की मुलाकडच्यांना विचारायच्या, "मुलगी सकाळी जाणार कुठे?" एकदा मुलाचा चुलता जरा ऐटीत म्हणाला, "बाई, पंचवीस एकर बागायत हाय आमची."

"पंचवीस एकरात कुठे, तेवढं दाखव."

त्या घरात संडास बांधून झाला तेव्हाच लग्न झालं. मुलीचा बाप आधी बाईंवर चिडला होता. नंतर दिवाळीला फराळाचं ताट घेऊन आला.

आणि एवढ्या तोंडाळ बाई, पण कोणाच्या घरी पाणी प्यायच्या नाहीत. सकाळी निघाल्या की दिवसभर नाही. कोणी पेला पुढे केला तर ओठाला लावायच्या आणि बघणाऱ्याची नजर हलली की तुळशीत ओतायच्या. लोकांना वाटायचं, नेवाशाची मोठ्या घरातली बाई, आपल्या हातचं पाणी चालत नाही. वस्तीवरच्या एका म्हातारीने तर तोंडावर सुनावलं, "आमच्या पोरांना हात लावता, आन् पानी चालत न्हाई व्हय?" बाई पुढच्या घराकडे चालू लागल्या. मलाही तेच वाटायचं. सात-आठ वर्षांनी एकदा कालव्याच्या कडेने येताना मी विचारलंच.

"बाई, तुमी कुनाकडं पानी का पीत न्हाई?"

"प्यायलं की जावं लागतं. जायचं कुठे?"

मग माझ्या लक्षात आलं, की एवढ्या वर्षांत त्यांना दिवसा कधी जाताना मी पाहिलंच नव्हतं. आमच्या वेळच्या सगळ्याच बायका अशा. उजाडायच्या आत जायचं, नाहीतर अंधार पडल्यावर. मधला सगळा दिवस दाबून धरायचा. उपकेंद्राला संडास होता, पण त्यात सिमेंटच्या गोण्या ठेवून कोणीतरी कुलूप लावलं होतं आणि किल्ली कोणाकडे हे शेवटपर्यंत कळलं नाही. मी निदान उसात शिरायची. बाई नाही. दुसऱ्याचं सगळं चव्हाट्यावर आणणारी बाई स्वतःचं एक थेंबभरही कोणाला दिसू देत नव्हती.

निवृत्त झाल्यावर त्या नेवाशाला गेल्या नाहीत. शाळेजवळ दोन खोल्या होत्या, पुढे ओटा, मागे अंगण, अंगणाच्या टोकाला संडास. तिथेच राहिल्या. बहिणीचा मुलगा संगमनेरला नोकरीला होता, त्याचं म्हणणं, मावशी, आमच्याकडे चला. मुलगा चांगला होता, सूनही चांगली. पण बाई म्हणायच्या, "माझी किल्ली माझ्या कमरेला आहे तोवर मी माणूस. दुसऱ्याच्या घरात मी सामान." मरेपर्यंत त्या दोन खोल्यांत स्वतःच्या पायाने हिंडायचं, एवढीच त्यांची मागणी होती. देवाकडे त्या काही मागत नसत, ही मागणी त्यांनी माझ्याकडेच बोलून दाखवली होती.

मी त्यांच्या शेजारच्या गल्लीतच होते. नवरा वारला, मुलं आपापल्या संसारात. रोज उजाडताना त्यांच्याकडे दूध घेऊन जायची. चहा त्या करायच्या. साखर कमी असायची, त्यावरून आम्ही भांडायचो.

सत्तरी ओलांडल्यावर त्यांचे पाय सुजायला लागले. श्रीरामपूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हृदय दमलंय, अंगात पाणी साठतंय. लघवीवाटे ते काढायला पाण्याची गोळी दिली. रोज सकाळी एक. बाईंना त्या गोळीचं नवल नव्हतं. माझ्या सासूला तीच गोळी होती, तेव्हा बाईंनीच तिला दम दिला होता, "सकाळी चहाबरोबर घ्यायची. दोन-तीन तास पळापळ होईल, मग दिवस मोकळा. संध्याकाळी घेतलीस तर झोपेचं खोबरं."

आठवडाभर त्यांनी गोळी सकाळी घेतली. त्यांच्या ओट्यावर नऊच्या सुमाराला बायका जमायच्या. नवीन नर्स होती, पण बायकांना जुनीच लागायची. आठवड्याच्या शेवटच्या दिवशी सात-आठ जणी होत्या, आणि एक जण सुनेचं गाऱ्हाणं सांगत होती. तिची गाऱ्हाणी म्हणजे गाव झोपेल पण ती थांबायची नाही. बाई भिंतीला टेकून बसलेल्या. मी बघत होते, त्या एकदा हलल्या, परत बसल्या. संडास अंगणाच्या टोकाला. तिकडे जायचं तर सगळ्यांसमोरून उठायचं, बादली घ्यायची, आणि सगळ्यांना कळणार की बाई कुठे चालल्या. ते त्यांच्याने झालं नाही. थोड्या वेळाने त्यांच्या खालून फरशीवर ओल सरकायला लागली. अजून कोणाच्या नजरेला आली नव्हती.

सड्यासाठी भरलेली बादली दाराशी होती. ती मी उचलली आणि सगळ्या ओट्यावर ओतली.

"उठा गं," मी म्हणाले, "ओटा धुयाचाय. किती घान करून ठेवली हाय."

सगळ्या ओल्या झाल्या, बाईंसकट. "डोळे फुटले का म्हातारे तुझे," एक जण म्हणाली. दुसरी लुगडं पिळत म्हणाली, "हिला वय झालं तसं येड लागलंय." मी खराटा घेऊन घासत राहिले. बाई आत गेल्या, साडी बदलून आल्या आणि सगळ्यांसमोर मला म्हणाल्या, "ओटा धुवायची ही वेळ आहे का? अक्कल कुठे ठेवलीस?"

मी ऐकून घेतलं. एरवी मी कोणाचं ऐकून घेत नाही.

त्यावर आम्ही दोघी कधी बोललो नाही. पण दुसऱ्या दिवसापासून सकाळची गोळी त्यांनी संध्याकाळी दिवे लागल्यावर घ्यायला सुरुवात केली. हे मला त्यांनी सांगितलं नाही. पहाटे दूध घेऊन गेले की खोलीत फिनेलचा वास यायचा, आतल्या दोरीवर दोन-दोन साड्या वाळत असायच्या, आणि बाईंचे डोळे खोल गेलेले असायचे. जन्मभर अंधारात जायची सवय. शरीराला गोळी दिली तीही त्यांनी त्याच वेळेला बसवली. एवढी शिकलेली बाई, शंभर जणींना बरोबर सांगितलेलं, आणि स्वतःच्या बाबतीत चुकली. चुकली म्हणजे माहीत असून चुकली.

शेवटी मी बोलले. "गोळी सकाळी घ्या, बाई."

"दिवसा माणसं येतात."

"मानसांना म्हनावं, दुपारून या."

"का या दुपारून? काय कारण सांगू?"

"सांगा, मुतायला जाते. दुसऱ्याला गावभर इचारता न्हवं?"

त्या म्हणाल्या, "पस्तीस वर्षं दिवसा गेले नाही मी. आता कशी जाऊ?"

"मग राती म्या येऊन झोपते हितं."

"कशाला? मी पळून चाललेय?"

"आंगनात अंधारात पडाल."

"पडले तर उठेन."

मी राहात्याच्या बाजारातून झाकणाचं प्लॅस्टिकचं भांडं आणलं, म्हटलं खाटेखाली ठेवा, बाहेर जायला नको. बाईंनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाल्या, "मी बाळंतीण आहे का?" दुसऱ्या दिवशी त्यात कोथिंबीर लावलेली होती. चांगली उगवली, हेही सांगते.

पौषातली एक पहाट. मी दूध घेऊन गेले तर दार उघडं आणि बाई आत नाहीत. अंगणाच्या टोकाला संडासाच्या भिंतीला टेकून बसलेल्या सापडल्या. लुगडं भिजून गार झालेलं, डावं मनगट सुजलेलं, ओठ निळे.

"कवापासनं बसलाय?"

"बघत काय उभी राहिलीस? आधी साडी आण. मग हात बघ."

मी पाणी तापवून त्यांना धुतलं, कोरडी साडी नेसवली, आणि मग गल्लीत ओरडून माणसं गोळा केली. हाड मोडलं होतं. बाईंनी सगळ्यांना सांगितलं, शेवाळावर पाय घसरला. पौषात शेवाळ कुठलं, पण बाईंपुढे बोलणार कोण?

हात गळ्यात बांधून घरी आल्यावर त्या मला म्हणाल्या, "भाच्याला कळलं तर तो मला उचलून नेईल. तू सांगितलंस तर तुझं तोंड बघणार नाही, बये."

"न्हाई सांगत. पन गोळी सकाळी घ्याची."

"घेईन."

मी विश्वास ठेवला. फिनेलचा वास गेला, दोरीवरच्या साड्या गेल्या. पंधरा दिवस बाई खुशीत होत्या. ओट्यावर बसायच्या, बायकांना झापायच्या, एक हात गळ्यात असून शाळेपर्यंत चालून यायच्या. मला वाटलं, लागली सवय. मग एका सकाळी पाहिलं तर त्या खाटेवर भिंतीला टेकून बसल्या-बसल्याच झोपलेल्या, पाठीला तीन उशा, आणि श्वासाचा आवाज दारापर्यंत येत होता. मी पांघरूण बाजूला करून त्यांच्या नडगीवर अंगठा दाबला. खळगा असा पडला की त्यात उडदाचा दाणा राहिला असता. तो भरेना.

त्यांनी डोळे उघडले. "झालं दाबून?"

"किती दिस गोळी न्हाई घेतली?"

"तू कोण विचारणारी?"

"तुमीच शिकवलं इचारायला."

त्यांनी मान फिरवली. गोळ्या त्यांनी बंदच केल्या होत्या. घरही राहील, ओटाही राहील, कोरडेपणाही राहील, असा त्यांचा हिशेब. जीव राहणार नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. मी बाहेर ओट्यावर आले आणि भाच्याला फोन लावला.

तो दुपारपर्यंत गाडी घेऊन आला. मला म्हणाला, "मावशी, आधी का नाही सांगितलंत?" मी त्यांच्या साड्या बांधल्या, चष्मा, कंगवा, औषधं घातली. दोघांनी धरून त्यांना गाडीत बसवलं. त्यांनी कमरेची किल्ली काढून माझ्या हातात दिली आणि रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "कुलूप नीट लाव."

एकाचं म्हणणं आधी का नाही सांगितलं, दुसरीचं म्हणणं सांगितलंच का. दोघांचंही बरोबर होतं. मी सांगितलं नसतं तर बाई चार दिवसांत गेल्या असत्या, हे डॉक्टरांनी भाच्याला सांगितलं आणि त्याने मला. त्याचा मला आजही उपयोग होत नाही.

घरी दूध जास्त व्हायला लागलं. पहिले काही दिवस मी सवयीने घेऊन निघायची आणि गल्लीच्या कोपऱ्यावरून माघारी यायची. नवीन नर्स गुणाची आहे. स्कूटीवर येते, घरोघरी पाणी पिते, चहा पिते, कोणाला लागेल असं बोलत नाही. माझं बीपी बघते आणि "छान आहे हं आजी" म्हणते. छान नसलं तरी तेच म्हणते.

चार महिन्यांनी मी संगमनेरला गेले. राहाता, लोणी, अशा गाड्या बदलत. भाच्याचं घर तिसऱ्या मजल्यावर. घर चकचकीत, आणि भाचेसून सगळं वेळेवर करणारी. भिंतीवर कागद लावलेला, किती वाजता कोणती गोळी. पाण्याची गोळी सकाळी आठला. बाई खिडकीजवळ खुर्चीवर बसलेल्या. पायांची सूज पार उतरलेली, पाय काठीसारखे. अंगात गाऊन. त्यांना साडीशिवाय मी कधी पाहिलं नव्हतं.

"काय बघतेस?" त्या म्हणाल्या. "साडी सोडायला वेळ लागतो म्हणून गाऊन. आत डायपर आहे. तेही बघायचंय?"

"न्हाई. पाय बघू."

मी अंगठा दाबला. खळगा नव्हता.

"पास?" त्यांनी विचारलं.

"पास."

तोंड बघणार नाही म्हणाल्या होत्या, त्यातलं काही त्यांनी काढलं नाही. गावातली चौकशी केली. कोण बाळंत झाली, सरपंचाचं आता कसं, गाऱ्हाणं सांगणाऱ्या बाईची सून टिकली का. टिकली, मी म्हणाले, सासूच मुलीकडे जाऊन राहिली. बाई हसल्या. हसताना त्यांना धाप लागली नाही, ते मला बरं वाटलं.

भाचेसून स्वयंपाकघरात गेल्यावर त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "इथल्या संडासाच्या दाराची कडी काढून टाकलीय. एकदा मला आत वेळ लागला, हे घाबरले. आता दार ढकललेलं ठेवतात, आणि घटकेघटकेला कोणी तरी डोकावून विचारतं, झालं का. म्हणून मी जातच नाही. ते बांधलंय त्यातच करते."

"जाता येतंय तुमाला?"

"येतंय. सकाळची गोळी आहे, वेळेवर कळतंही. पण डोकावतात गं."

भाचेसुनेचं चुकलं असं मी म्हणणार नाही. बाई आत पडल्या असत्या तर जाब तिलाच द्यावा लागला असता. मी खुर्चीजवळ उभी राहिले.

"आत्ता जायचंय," बाई म्हणाल्या. "चल, धर मला."

दुपारचे तीन वाजून गेले होते, घरात लख्ख ऊन. मी त्यांना दंडाला धरून नेलं. दाराशी त्यांनी माझा हात सोडवला. "तू बाहेर. आणि दाराला पाठ लाव."

मी दार ओढून घेतलं आणि पाठ टेकवून उभी राहिले. थोड्या वेळाने भाचेसून आली. "आजी, त्या आत एकट्या आहेत?"

"व्हय."

"अहो, पडल्या तर? जरा दार उघडं ठेवा ना."

"म्या हाय न्हवं हितं. तू जा, तुझं दूध उतू जाईल."

ती घुटमळली. मी बाजूला झाले असते तर तिने दार ढकललं असतं, पण मी हलले नाही. ती गेली. आत पाण्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही.

"बाई, बऱ्या हाय न्हवं?" मी तोंड न वळवता विचारलं.

"बरी आहे. घाई आहे का तुला?"

समोर भिंतीवर घड्याळ होतं. लोणीची चारची गाडी चुकली की पुढे पुणतांब्याला जायला त्या दिवशी काही मिळत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं.

"न्हाई," मी म्हणाले. "बसा निवांत."

आतून बाईंचं खाकरणं ऐकू आलं, पण बाहेर यायची घाई दिसली नाही. मी घड्याळाकडे बघत उभी राहिले. काटा चारवर आला, चारच्या पुढे गेला, आणि बाई आत बसून होत्या.